‘द सिम्प्सन्स’च्या डीव्हीडीवरील ध्वनिभाष्य

‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी व्यंगचित्र मालिकेच्या पहिल्या पर्वाचा डीव्हीडी संच २००१ साली निघाला आणि त्यातील सर्व १३ भागांना निर्मात्या मंडळींचे ध्वनिभाष्य, म्हणजे भाग चालू असताना त्यावर केलेले बोलणे, जोडलेले होते. मूळ संवाद त्याखाली दबून जात असल्याने प्रत्येक भाग आधी नुसता पाहावा आणि मगच भाष्य लावावे. मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग आणि त्यांचे सहकारी पुष्कळदा आपल्याच विनोदांवर हसत बसतात, जुन्या चित्रांची थट्टा करतात. अशा वेळी हात रिमोटकडे जातो. ‘सम एन्चांटेड इव्हनिंग’चे भाष्य मात्र चुकवू नये. सर्वांत आधी दाखवायचा म्हणून तयार केलेला हा भाग कोरियातील स्टुडिओतून इतका सदोष होऊन आला की त्यातील बरीचशी चित्रे नव्याने काढावी लागली, मालिकेचा आरंभ डिसेंबर १९८९ मधील नाताळच्या भागाने झाला आणि हा भाग थेट मे १९९० मध्ये, पर्वाच्या अखेरीस, प्रसारित झाला. ही हकिकत ठाऊक झाल्यावर जुनी आणि दुरुस्त केलेली दृश्ये कोठे जोडली आहेत, हे शोधत तो भाग पुन्हा पाहण्यात वेगळीच गंमत आहे. संपूर्ण संच सलग ऐकण्याचा हट्ट मात्र कोणी धरू नये. मी धरला होता.