ट्रंकेतली जुनी पत्रं: घरी ठेवायची, संस्थेला द्यायची की स्कॅन करून वाटायची?

वंशावळ लिहायला बसलं की पुरुषांची नावं कुलवृत्तांतात मिळतात. बायकांची गाठ पडते ती पत्रांत. पणजीचं माहेरचं आडनाव मला तिच्या भावाच्या पोस्टकार्डात सापडलं. तिला आलेल्या एका पत्रावर ‘सौ.’ आहे, पाच महिन्यांनंतरच्या पत्रावर ‘गं. भा.’, पणजोबा या दोन्हींच्या मधे गेले. ती बातमी आणणारं कार्ड मिळणारच नाही. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे; तसं कार्ड घरात ठेवत नसत, वाचलं की फाडून टाकत. म्हणून पत्रं कुठेही ठेवा, त्यांचा क्रम आणि पत्त्याची बाजू शाबूत राहायला हवी.

घरी ठेवणं सगळ्यांत सोपं आणि स्वस्त. वैरी तीन: कसर, वाळवी आणि पावसाळी दमट हवा. बोरूने काजळीच्या शाईत लिहिलेलं शंभर वर्षांनीही काळंभोर दिसतं. फाउंटन पेनची निळी शाई एका गळतीत वाहून जाते. घड्या उलगडून, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, भिंतीपासून दूर ठेवा. सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. आमच्या एका नातेवाइकाने प्रेमापोटी सात पत्रं लॅमिनेट करून आणली. ती आता प्लास्टिकमधून सुटत नाहीत. मला अजून हळहळ वाटते.

मोडीतले कागद असतील तर संस्थेचा विचार जरूर करा. पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. कागद स्वीकारतात का, तुमचा संच एकत्र राहील का, यादी आणि पोच मिळेल का, हे आधी विचारा. एकदा दिलेलं परत मागता येत नाही, म्हणून घरगुती ख्यालीखुशालीची कार्डं मी देणार नाही.

स्कॅनला मात्र पर्याय नाही, आणि तो पहिल्यांदा करा. फ्लॅटबेड स्कॅनरवर ४०० डीपीआय पुरेसं आहे. दोन्ही बाजू घ्या, कोरी वाटली तरी. फाइलला तारखेचं नाव द्या. शके लिहिलं असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या पत्राला ७९. तारीखच नसेल तर शिक्का बघा. पत्त्यात पिन कोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकलं तर अक्षर पुसट होतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सरसकट सगळं मात्र वाटू नका. भावकीतलं कर्ज, सुनेचा छळ, असलं काही निघालं तर आधी त्या घरच्यांना विचारा. कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा असतो.

हा खटाटोप मी आत्यासाठी केला म्हटलं तरी चालेल. पत्रांत सगळे अण्णा, बापू, माई; खरं नाव कुठेच नाही. ‘अण्णास शिरसाष्टांग’ यातले अण्णा म्हणजे आजोबा, असं धरून मी अख्खी एक शाखा चुकीची जोडली होती. आत्या ८६ वर्षांची आहे. स्कॅन तिच्या टॅबवर मोठं करून दाखवलं, तेव्हा ती लगेच म्हणाली, “अरे, हे कारवारचे अण्णा. बाबांचे मामा.”