वाळूजच्या व्हेंडरनं काय घ्यावं: पोर्टल की थेट ईडीआय?

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा औद्योगिक पट्ट्यातल्या लहान व्हेंडरला मोठं गिऱ्हाईक मिळालं की हा प्रश्न येतोच: ऑर्डरी गिऱ्हाइकाच्या वेबसाइटवरून, म्हणजे पोर्टलवरून घ्यायच्या, की ईडीआयनं, म्हणजे ऑर्डर-बिलं एका संगणकातून दुसऱ्या संगणकात थेट पाठवायच्या पद्धतीनं?

पोर्टलला खर्च जवळपास नाही. लॉगिन करायचं, कुठला माल कधी, किती द्यायचा याचं शेड्यूल उतरवून घ्यायचं. पण तेच आकडे पुन्हा आपल्या टॅलीत हातानं मारावे लागतात. पार्ट नंबरचा एक अंक चुकला, की माल गेटवर आणि ड्रायव्हर चहाच्या टपरीवर. शिवाय तीन गिऱ्हाइकं म्हणजे तीन पोर्टलं, तीन पासवर्ड.

थेट ईडीआयमध्ये ऑर्डर गिऱ्हाइकाच्या सिस्टीममधून निघून सरळ आपल्या सिस्टीममध्ये बसते. १९८७ पासूनच्या एडिफॅक्ट या संयुक्त राष्ट्रांच्या मानकात ऑर्डर, माल रवानगीची सूचना, बिल या प्रत्येकाचा संदेश ठरलेला आहे. गाडी रस्त्यात असतानाच कुठल्या पेटीत किती नग, हे स्टोअरला कळतं. उतरवताना फक्त लेबल स्कॅन करायचं. मात्र मॅपिंग (दोन्ही सिस्टीममधली माहिती एकमेकींशी जुळवणं) आणि टेस्टिंगचा खर्च आधीच येतो. आपला पार्ट मास्टरच, म्हणजे पार्ट नंबरांची मूळ यादीच, गोंधळलेला असेल, तर चुकाही तितक्याच झपाट्यानं पोचतात!

जीएसटीचं ई-इन्व्हॉइस म्हणजे ईडीआय झालं, असं समजू नका. ५ कोटींवरच्या उलाढालीला ऑगस्ट २०२३ पासून व्यावसायिक गिऱ्हाइकाच्या बिलावर आयआरएन (सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नोंदणी क्रमांक) घ्यावाच लागतो. पण ते बिल गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप चढत नाही.

दिवसाला माल पाठवायची चार-दोन चलनं असतील तर पोर्टलच बरं. दर पाळीला गाड्या सुटत असतील किंवा माल युरोपात जात असेल, तर थेट ईडीआयच घ्या.