नालबंदासोबत आठ महिने: घोडीच्या खुरांचा अनुभव

नवे नालबंद (नाल ठोकणारे, खूर कापून नीट करणारे कारागीर) येऊ लागल्याला आठ महिने झाले, घोडीचे सहा वेळा खूर कापून झाले, आता लिहायला हरकत नाही. दुसऱ्या वेळेनंतर लिहिलं असतं तर नुसती चिडचिड उतरली असती.

घोडी बारा वर्षांची, पायात नाल नाही, आठवड्यातून चार दिवस हलकी रपेट. आधीचे नालबंद बोलावलं की यायचे, म्हणजे मला आठवण झाली की. कधी दोन महिन्यांनी, कधी चार. खुराचं टोक पुढे लांबलेलं, टाच खाली बसलेली, आणि चालताना घोडी सारखी ठेचकाळायची. एकदा त्यांनी चार महिन्यांची वाढ एका बैठकीत उतरवली, वर तळवाही कोरला. पुढचे चार दिवस ती खडीवर पाय टेकवेना. तेव्हा सगळा राग त्यांच्यावर काढला. चार महिने कोणी जाऊ दिले, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

नवे नालबंद आले आणि पहिली पंधरा मिनिटं त्यांनी अवजारांची पिशवी उघडलीच नाही. घोडीला सपाट, कडक जमिनीवर चालवायला लावलं, एकदा जाताना, एकदा येताना. स्वतः उकिडवे बसून खूर आधी टाचेवर पडतो की टोकावर, ते बघत राहिले. टोकावर पडत होता. मग डाव्या पुढच्या खुरावर, केसांच्या रेघेच्या अगदी खाली, बोट ठेवलं. तिथे एक आडवं, उंचवट्याचं वलय होतं. चारा बदलला किंवा ताप येऊन गेला की असं वलय उठतं, म्हणाले. महिनाभरापूर्वी मी चारा बदलला होता. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. टाच काही महिन्यांत नवी होते, टोकाला मात्र वर्षभर लागतं. "हे वलय खाली येईल तेव्हा मला बरं-वाईट बोला," एवढं सांगून कामाला लागले.

काम दिसायला साधं. आकडीने माती काढायची, सुऱ्याने तळव्याचा आपोआप सुटणारा मेलेला थर खरवडायचा, पकडीने वाढलेली कडा कापायची, मग कानस. पण त्यांनी त्या दिवशी टोक माझ्या अपेक्षेच्या निम्मंच कापलं. बाकीचं सहा आठवड्यांनी, मग पुन्हा सहा आठवड्यांनी. बाहेरची कडा कानशीने गोल केली, म्हणजे चिरत नाही. तळव्याच्या मधोमध जो रबरासारखा त्रिकोण असतो, फ्रॉग, त्याला फक्त लोंबणाऱ्या चिंध्यांपुरता हात लावला. (कापलेले तुकडे आमचा कुत्रा तोंडात धरून पळतो. कुत्र्यांना ते का आवडतात देव जाणे.)

मागचे पाय ही आमची खरी परीक्षा. घोडी पाय द्यायची, पण दहाव्या सेकंदाला हिसका. दुसऱ्या भेटीत तिने नालबंदांच्या मांडीवर असा झटका दिला की कानस उडून भिंतीवर आपटली. मी तिच्यावर ओरडलो. ते मात्र माझ्याकडे वळले. "अहो, मी सहा आठवड्यांतून पाऊण तास येतो. तुम्ही रोज असता. पाय धरायला तुम्ही शिकवायचं." अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवसापासून रोज चारही पाय उचलायला लागलो. आधी पाच सेकंद, मग दहा. तिने ओढायच्या आत आपणच हळूच खाली ठेवायचा, ही सगळी मेख. आणखी एक चूक सापडली: मी मागचा पाय उंच उचलून बाहेरच्या बाजूला ओढत होतो. वय झालेल्या घोड्याचे सांधे आखडतात, त्याला ते दुखतं. पाय खाली, शरीराच्या रेषेत ठेवला तर ती आता निवांत डोळे मिटते.

रोज पाय उचलण्याचा दुसरा फायदा पावसात कळला. उजव्या मागच्या फ्रॉगच्या खाचेत काळा, चिकट मळ आणि नाक मुरडावं असा वास आला. पूर्वी ते नालबंद येईपर्यंत तसंच राहिलं असतं. आता दोन दिवसांत लक्षात आलं. रोजची सफाई आणि कोरडी उभी राहायची जागा, एवढ्यावर आटोक्यात आलं.

तक्रारी आहेतच. फोन उचलत नाहीत, निरोप ठेवायचा आणि वाट बघायची. घोडी चिखलाने माखलेली असली तर पायाला हात न लावता निघून जातात. एकदा खरंच गेले. तेव्हा संताप आला, पण ओल्या, माखलेल्या पायाची पकड सुटते आणि सुरा हाताला लागतो, हे त्यांच्याजागी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आता आदल्या संध्याकाळी पाय धुऊन, सुकवून, घोडीला सपाट जागी बांधतो. आणि जाण्याआधीच पुढची तारीख ठरवून घेतो, त्यामुळे फोनचाही प्रश्न उरलेला नाही.

प्रत्येक वेळी कॅमेरा जमिनीलगत ठेवून बाजूने फोटो काढतो. पहिला आणि सहावा शेजारी ठेवले तर टोकाचा उतार सरळ झालेला दिसतो. ठेचकाळणं तिसऱ्या भेटीनंतर कमी झालं, आता महिन्यातून एखाद्या वेळेस. डाव्या खुराची बाहेरची बाजू अजून थोडी फाकलेली आहे. ते वलय खाली सरकत जमिनीपासून दोन बोटांवर आलंय. पुढची भेट एकोणीस दिवसांनी.