टेपवाला डायपर, सात महिन्यांनी: दोष मालाचा कमी, मापाचा जास्त

सात महिने रोज रात्री टेपवाला अ‍ॅडल्ट डायपर वापरून झाला. पहिले दोन महिने मत एकच होतं: पैसे पाण्यात. लार्ज गळतो म्हणून एक्स्ट्रा लार्ज आणला, तर तो दुप्पट गळला. फोडलेला पॅक दुकानदार परत घेत नाही, दहाचे दहा अंगावर पडले.

मग सकाळी काढलेला डायपर उघडून बघितला. पुढचा भाग फुगलेला, मागचा अर्धा कोरडा, आणि चादर मांडीच्या बाजूलाच ओली. म्हणजे भरून वाहत नव्हता. माप मोठं असलं की जांघेत फट राहते. माणूस कुशीवर वळलं की लघवी आतल्या जेलमध्ये मुरायच्या आधीच फटीतून बाहेर. शिंप्याच्या टेपने कंबर आणि नितंब दोन्ही मोजा, जे जास्त भरेल ते धरा. दोन मापांच्या मधे अडकलात तर लहान घ्या.

आता टेपबद्दल, कारण निम्मं भांडण तिथंच आहे. बांधायच्या आधी डायपर लांबीत दुमडून होडीसारखा करायचा, म्हणजे जांघेजवळ गळती अडवणाऱ्या आतल्या झालरी उभ्या राहतात. खालच्या टेपा आधी, वरच्या दिशेला तिरक्या; वरच्या नंतर, खालच्या दिशेला तिरक्या. मग जांघेतून बोट फिरवून कडेच्या झालरी बाहेर काढायच्या, आत दबलेली झालर म्हणजे नळ उघडाच. पुरुष असेल तर लिंग खाली वळवलेलं हवं, नाहीतर बेंबीकडून गळतं. आणि तेलाचा हात टेपेला लावू नका! संध्याकाळी खोबरेल चोळलं, हात नुसते पुसले, की टेप दोन तासांत सुटते. साबणानं धुवा. क्रीम, पावडर यांचंही तेच. क्रीम लावायचंच तर झिंक ऑक्साइडचं, पातळ. पावडर घामानं गोळा होऊन जांघेत काचते.

एकावर एक दोन डायपर घालायची युक्ती फुकट आहे. आतल्याची पाठ प्लास्टिकची, बाहेरच्यापर्यंत काही पोचतच नाही. जास्तीचं शोषण हवं तर पाठीला प्लास्टिक नसलेला बूस्टर पॅड आत घाला.

इथं बेळगाव-खानापूरकडं खरी कसोटी पावसाळ्याची. वाकळ भिजली की चार दिवस वाळत नाही, वास राहतो तो वेगळाच. म्हणून गादीवर मेणकापड, त्यावर धुण्याचा अंडरपॅड, त्यावर जुनं सुती लुगडं चारपदरी. लुगडं पंख्याखाली रात्रीत वाळतं. अंडरपॅड धुताना कंफर्टसारखं काही घालू नका, शोषणं कमी होतं, इस्त्रीही नको.

पाणी दिवसा भरपूर, झोपायच्या आधी दोन तास कमी. दिवसभर तोडू नका. लघवी घट्ट होऊन आग होते आणि उलट वरचेवर लागते. पायाला सूज असेल तर दुपारी पाय उंच ठेवा, ते पाणी रात्री उतरण्यापेक्षा दिवसाच उतरलेलं बरं. लघवी होण्याची गोळी चालू असेल तर तिची वेळ डॉक्टरांनाच विचारा. अचानक प्रमाण वाढलं, ताप आला किंवा माणूस बरळायला लागलं तर डायपरचा दोष काढत बसू नका, लघवी तपासा.

उरलेले एक्स्ट्रा लार्ज? टेपा कापून, उघडून, लुगड्याखाली आडवे टाकले. त्या कामाला उत्तम.