आधी गोरिला की आधी पक्षी?

वाईट असल्यामुळेच लोकांचा जीव ज्यांच्यावर जडला, अशा जुन्या अमेरिकी राक्षसपटांशी एकाच संध्याकाळी ओळख करून घ्यायची असेल, तर निवड ‘रोबोट मॉन्स्टर’ (१९५३) आणि ‘द जायंट क्लॉ’ (१९५७) यांतून करावी.

पहिल्याची गरिबी लपत नाही. दिग्दर्शक फिल टकर यांनी तो सुमारे १६ हजार डॉलरांत, चार दिवसांत उरकला. यंत्रमानवाचा पोशाख परवडण्याजोगा नव्हता, म्हणून जॉर्ज बॅरोज या नटाच्या मालकीचा गोरिलाचा पोशाख वापरून त्यावर शिरस्त्राण चढवण्यात आले. पृथ्वीवर आठच माणसे शिल्लक ठेवणारा हा परग्रहवासी एका गुहेत राहतो, तेथील यंत्रातून साबणाचे फुगे निघत राहतात, आणि त्या फुग्यांच्या यंत्राचा श्रेयनामावलीत चक्क स्वतंत्र उल्लेख आहे. संगीत मात्र पुढे हॉलिवूडमध्ये नावाजलेले संगीतकार एल्मर बर्नस्टीन यांचे आहे आणि ते अगदी मन लावून केलेले आहे. पहिल्या दहा मिनिटांत विनोद कळून चुकतो. त्यानंतर उन्हातान्हात टेकड्या तुडवणाऱ्या त्या केसाळ देहाची कीवच येऊ लागते.

‘द जायंट क्लॉ’ची गोष्ट वेगळी आहे. त्यात नट कसलेले आहेत, लष्करी अधिकारी गंभीर आहेत, हल्ला करणाऱ्या महाकाय पक्ष्याभोवती प्रतिद्रव्याचे (अँटीमॅटरचे) कवच असल्याचा शास्त्रीय खुलासाही आहे; तो पक्षी युद्धनौकेएवढा असल्याचे इतक्यांदा सांगितले जाते की प्रेक्षक खरोखरच सावरून बसतो. आणि मग पडद्यावर येते ती लांब सुरकुतलेल्या मानेची, बटबटीत डोळ्यांची, डोक्यावर विरळ झुबका असलेली बाहुली! ती मेक्सिकोत बनवून घेतली होती आणि चित्रीकरणाच्या वेळी नटांनी पाहिलेली नव्हती. नायक जेफ मॉरो यांनी पुढे सांगितले, की आपल्या गावातल्या खेळाला प्रेक्षक हसू लागताच ते चित्रपटगृहातून हळूच निसटले. त्यांच्या चेहऱ्यावरचे गांभीर्य खरे असल्यामुळेच हा चित्रपट सव्वा तास टिकतो.

म्हणून चारचौघांत बसून पाहायचा असेल, तर निःशंकपणे पक्षी निवडावा. एकट्याने पाहणाऱ्याने, विशेषतः रात्री उशिरा, गोरिलाकडे वळावे; तो तासाभरात आटोपतो. ‘द क्रीपिंग टेरर’ (१९६४) पहिल्याच बैठकीत नको. त्यात बहुतेक संवाद पात्रांऐवजी निवेदकच सांगतो आणि गालिच्यासारख्या सरपटणाऱ्या राक्षसाच्या तोंडात बळींना स्वतःच धडपडत शिरावे लागते.