स्कॉटलंड्सपीपल आठ महिने वापरून: बोट खरी निघाली, माणूस दुसरा

नवरा इथलाच, न्यूझीलंडमधल्या डनेडिनचा, आणि सासरी दर ख्रिसमसला एक गोष्ट ऐकावी लागते की सासऱ्यांचे पणजोबा 1848 साली 'फिलिप लेंग' बोटीने आले, एडिनबर्गच्या वकिलाचे चिरंजीव वगैरे. यंदा म्हटलं बघूच जरा खरं काय ते.

पहिली चूक माझीच. घाईत एका मोठ्या साइटचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, तिथे लोकांनी बनवलेल्या तयार वंशावळी होत्या आणि एकीत आमचा माणूस चक्क कॅनडात मरून पुरलेला होता! पुरावा काय, तर दुसऱ्या कुणाची तरी वंशावळ. पैसे पाण्यात.

मग स्कॉटलंड्सपीपलवर आले. ही स्कॉटलंडच्या सरकारी दप्तराचीच साइट, शोधायला पैसे नाहीत, मूळ नोंदीचं पान उघडायला क्रेडिट लागतात (मी घेतले तेव्हा 30 क्रेडिट साडेसात पौंडांना, आणि एका पानाला 6). एकदा उघडलेलं पान कायम आपल्या खात्यात राहतं, हे मला फार आवडलं. पण आमचं आडनाव असं की तिकडे ढेकूळ फेकलं तरी त्याच नावाच्या माणसाला लागेल, त्यामुळे पहिले 30 क्रेडिट परक्यांची लग्नं बघण्यात उडवले.

म्हणून सांगते, आधी माणूस जिथे मेला तिथली नोंद काढा. न्यूझीलंडमध्ये 1876 पासून मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांची नावं, जन्मगाव आणि इथे येऊन किती वर्षं झाली हे सगळं लिहायचे. पणजोबा गेले 1899 ला, नोंदीत 'न्यूझीलंडमध्ये 37 वर्षं', म्हणजे आले 1862 ला! 1861 च्या मे मध्ये गॅब्रिएल रीडला ओटागोत (म्हणजे डनेडिनच्याच प्रांतात) सोनं सापडलं आणि जग इकडे धावलं, त्यातलेच हे. जन्म एडिनबर्ग नाहीच, पेझली. आणि वडील शालींचे विणकर. पेझली म्हणजे तीच हो, आपल्या कोयरीला इंग्रजीत जे नाव पडलं ते याच गावावरून, काश्मिरी शालींची नक्कल तिथल्या मागांवर व्हायची. मला तर वकिलापेक्षा विणकरच भारी वाटला.

पण खरी किल्ली म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. स्कॉटलंडच्या दप्तरात बाईचं माहेरचं नाव पुसत नाहीत. मृत्यूच्या यादीत ती माहेरच्याही नावाने सापडते आणि सासरच्याही. (आपल्याकडे लग्नानंतर पहिलं नावसुद्धा बदलायचे, माझ्या पणजीचं मूळ नाव आज घरात कुणाला ठाऊक नाही.) तिकडे सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1855 ला सुरू झाली, त्याआधी फक्त चर्चची पुस्तकं, ज्यांत पणजोबांचा बाप्तिस्मा मला मिळाला नाही. 1843 ला स्कॉटलंडच्या मुख्य चर्चमध्ये फूट पडली आणि त्याआधीही वेगळे पंथ होतेच, सगळ्यांची नोंद तिथे नाही. पण त्यांची आई 1858 ला वारली, आणि तिच्या मृत्यूच्या नोंदीत तिचे आईवडील! म्हणजे एका पानात अख्खी पिढी मागे. 1861 च्या जनगणनेत मुलगा 20 वर्षांचा, बापाच्या घरीच. शिवाय तिकडची जुनी रीत अशी की थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, अगदी आपल्यासारखंच, आणि पणजोबांच्या थोरल्याचं नाव त्या विणकराचंच निघालं, तेव्हा खात्री पटली.

मग फिलिप लेंग आली कुठून? सासऱ्यांच्या पणजीची, म्हणजे या पणजोबांच्या बायकोची, मृत्यूची नोंद मागवली. जन्म ग्रीनॉक (स्कॉटलंडमधलं बंदर), न्यूझीलंडमध्ये 63 वर्षं, गेली 1911 ला. बोट ग्रीनॉकहूनच सुटलेली आणि 15 एप्रिल 1848 ला इथे लागलेली, प्रवाशांच्या यादीत ती आईबापांबरोबर, वय 4.

सासऱ्यांना कागद दाखवले तर बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, 'म्हणजे बोट पणजीची होती तर.' वकील मात्र अजून कुठेच सापडला नाहीये. 12 क्रेडिट शिल्लक आहेत, ते आता पणजीच्या माहेरावर खर्च करणार.