मोटर शेवटी घ्या: १/१० टूरिंग गाडीचा पहिला संच, आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी रिमोटवर चालणारी (आरसी), १/१० मापाची, चारही चाकं फिरवणारी इलेक्ट्रिक टूरिंग, म्हणजे सपाट रस्त्यावर पळवायची. त्यात ५४० आकाराची साधी ब्रश मोटर, ६० अँपिअरचा ब्रश ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र), २एस म्हणजे दोन सेलची ५००० एमएएचची हार्डकेस लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) आणि स्टँडर्ड आकाराचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर). सोबत तीन चॅनलचा २.४ गिगाहर्ट्झ पिस्तुली रिमोट आणि बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा). वापर डांबरी आणि काँक्रीटच्या मोकळ्या जागेवर, आठवड्याला तीन-चार बॅटऱ्या.

नवशिक्याचे पैसे आधी मोटरवर जातात. आठ महिन्यांनंतर क्रम उलटा लागतो: रिमोट, सर्व्हो, चार्जर, आणि उरलं तर मोटर. रिमोट आणि चार्जर पुढच्या गाडीलाही चालतात. आणि स्टिअरिंग ढिलं असेल तर जास्त वेगाने फक्त भिंत लवकर येते.

रिमोटमध्ये एंड पॉइंट (सर्व्हो किती टोकापर्यंत वळेल ती मर्यादा), स्टिअरिंग ड्युअल रेट (वळण कमी-जास्त करणं), चॅनल रिव्हर्स (दिशा उलटवणं) आणि फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय) एवढं असलं की झालं. जादा रिसीव्हर (गाडीत बसून रिमोटचा सिग्नल घेणारा) घेताना प्रोटोकॉल जुळतो का ते पाहा. दोन्हींवर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलं म्हणून ते एकमेकांशी बोलतीलच असं नाही. रिसीव्हरच्या अँटेनाचं टोकाचं साधारण ३१ मिमी उघडं तंतू हाच खरा अँटेना असतो. तो कापू नका, दुमडू नका, मोटरच्या तारांना बांधू नका; नळीतून उभा ठेवा. फेलसेफची परीक्षा सोपी आहे. गाडी ठोकळ्यावर ठेवून चाकं अधांतरी करा, थोडा थ्रॉटल देऊन रिमोट बंद करा. चाकं थांबली नाहीत तर गाडी जमिनीवर उतरवायची नाही. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी.

सर्व्होत ६ ते १० किलो-सेंमी टॉर्क आणि ६० अंशांना ०.१५ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ पुरतो. गिअर मात्र धातूचेच हवेत. पहिल्या सर्व्होचे प्लास्टिकचे दाते कडेच्या दगडावर गेले. हॉर्न (सर्व्होच्या शाफ्टवर बसणारा छोटा दांडा) घेताना शाफ्टचे दाते मोजा. २३, २४ आणि २५ दात्यांचे तिन्ही प्रकार मिळतात आणि चुकीचा हॉर्न जोर लावला की बसल्यासारखा वाटतो, मग दोन फेऱ्यांत घसरतो. बसवायची पद्धत: हॉर्न काढून ठेवा, ट्रिम शून्यावर आणा, वीज देऊन सर्व्हो मध्यावर येऊ द्या, मगच हॉर्न काटकोनात लावा. मग एंड पॉइंट लावा. चाकं पूर्ण वळल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो अडथळ्याला रेटतो आहे. गुणगुण थांबेपर्यंत एंड पॉइंट कमी करा, नाहीतर सर्व्हो तापून जळतो.

इथेच एक फसवी बिघाडकथा आहे. पूर्ण वळण आणि पूर्ण थ्रॉटल एकदम दिलं की गाडी क्षणभर मरते आणि पुन्हा जागी होते. दोष रिमोटला दिला जातो, पण बहुतेक वेळा ईएससीतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारा भाग) कमी पडतो. स्वस्त ईएससीचा बीईसी २-३ अँपिअरचा असतो आणि ताकदवान डिजिटल सर्व्हो अडकला की तेवढा करंट एकटाच खातो. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला कपॅसिटर लावला तर क्षणिक झटके सावरतात. कायमचा उपाय म्हणजे सर्व्होला झेपेल असा बीईसी.

ईएससीवर लिहिलेली टर्नची (मोटरच्या गुंडाळीतल्या वेढ्यांची) मर्यादा नीट वाचा. '१२ टर्न' म्हणजे १२ किंवा जास्त टर्नची मोटर चालेल. टर्न कमी तर वेग जास्त आणि करंटही जास्त. ईएससीत बॅटरीचा प्रकार लायपोवर आहे का हे पहिल्याच दिवशी तपासा. निकेलच्या सेटिंगवर लायपो चालवली तर कट-ऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवणं) वेळेवर लागत नाही आणि सेल मरतात.

आता गिअरिंग, कारण मोटरी इथेच जळतात. अंतिम गुणोत्तर म्हणजे स्परचे (मोठ्या गिअरचे) दाते भागिले पिनियनचे (मोटरवरच्या छोट्या गिअरचे) दाते, गुणिले चॅसिसचं अंतर्गत गुणोत्तर. ७० चा स्पर, २२ चा पिनियन आणि अंतर्गत २.६ धरलं तर उत्तर ८.२७. पिनियन २३ केला की ७.९१. एकच दाता, पण वेग साडेचार टक्के वाढतो आणि मोटरवरचा भारही. भार वाढला की मोटर मंद फिरते, करंट जास्त ओढते, आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणून 'अजून दोन दाते' हा मोह महागात पडतो. पाच मिनिटं चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरचं कवच मोजा. ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर पिनियन लहान करा. पिनियन आणि स्परचे दाते एकाच मापाचे हवेत, ०.६ मॉड्यूल आणि ४८ पिच दिसायला सारखे असले तरी एकमेकांना खातात. मोटर सरकवता येत असेल तर दात्यांमध्ये साध्या कागदाची पट्टी घालून स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. ती घड्या पडून, न फाटता आली पाहिजे.

लायपो: प्रति सेल पूर्ण ४.२ व्होल्ट, साठवण ३.८, आणि ३.० च्या खाली कधीच नाही. ५००० एमएएचला १सी म्हणजे ५ अँपिअर, तेव्हा ५० वॅटचा चार्जर पुरतो. नेहमी बॅलन्स मोडवर, समोर बसून. पाकिटावरच्या 'सी' आकड्यांना (बॅटरी किती करंट देऊ शकते त्याचं माप) फार भुलू नका. साध्या ५४० ला प्रामाणिक ३०सी भरपूर होतो. फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही.

जुन्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कनेक्टरच्या जागी एक्सटी६० प्रकारचा लावला की कनेक्टर तापणं थांबलं. सोल्डरला ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या. कमी ताकदीचं असलं तर जोड थंड बसतो. लाल-काळं दोनदा तपासा, उलट जोडणी बहुतेक ईएससी एका क्षणात संपवते.

प्लास्टिक बुशऐवजी बेअरिंग मात्र पहिल्या जुळवणीतच घाला, नंतर सगळं उघडावं लागतं. धातूत जाणाऱ्या स्क्रूंना निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव), प्लास्टिकला अजिबात नाही.

ब्रश मोटर आता थकली आहे: आवाज खरखरीत, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा, आणि बंद कवचाची असल्याने ब्रश बदलता येत नाहीत. पुढची २१.५ टर्नची, सेन्सर असलेली ब्रशलेस (ब्रश नसलेली) मोटर. सेन्सरशिवायची स्वस्त पडते, पण सुटताना अडखळते आणि हळू कोपऱ्यात तेच नको असतं. ईएससीही सोबत बदलावा लागेल, ब्रशचा ईएससी ब्रशलेस मोटर फिरवत नाही.